हळू खोकणारी

९ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार लिहावा की नाही, यावर बराच वेळ पेन उघडं ठेवून बसले होते. शेवटी लिहीत नाही. तुम्हीही रविवारी निघताना केला नव्हता.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तुमच्या लाँड्रीच्या काउंटरवरचा फोन तुम्हीच उचलता आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देता. लेकीला पत्र टाकावं तर तेही त्याच काउंटरवर येऊन पडणार. मग सरळ तुम्हालाच लिहिते.

माझी मुलगी तुमच्याकडे दिली म्हणजे विकली नव्हती. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी झालं. बाळ चार महिन्यांचं होईस्तोवर दोघं इथंच होती. तेवढ्या दिवसांत जावईबापू एकदा येऊन गेले, तेही उभ्याउभ्या, गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायचे होते म्हणून. तुम्ही आलात ते थेट न्यायलाच. आल्या आल्या बाळाचं दुपटं उलगडून पाहिलंत आणि म्हणालात, “ह्याला भोपळा म्हणता तुम्ही? मांड्यांची कातडी लोंबतेय.” तिथवर मी गप्प होते. नातवाची काळजी आहे म्हणून बोलतात, असं मनाला समजावलं.

पण मग आतल्या खोलीत हे खोकले. तुम्ही चहाचा कप तोंडाला न लावता खाली ठेवलात, बाळ उचललंत आणि जिन्यात जाऊन उभ्या राहिलात. तिथून म्हणालात, “हा साधा खोकला नाही. ह्या माणसाला क्षय आहे. आणि अशा घरात माझा नातू ठेवलात?” शेजारच्या दोन्ही दारांच्या कड्या वाजल्या त्या मी ऐकल्या. माझी लेक रडत तुमच्यामागून जिना उतरली, तेही पाहिलं.

आमचे हे सुतार आहेत. जन्मभर लाकडाचा भुसा खाल्ला आणि वर सिगारेटी ओढल्या. ते खोकणार नाहीत तर काय सनई वाजवतील? त्यांचा खोकला सगळ्या चाळीला पाठ आहे. खालचा दुकानदार म्हणतो, तुमचे मालक उठले की मला घड्याळ बघावं लागत नाही. क्षय म्हणे!

उद्याच यांना आरोग्य केंद्रात घेऊन जाते आणि रिपोर्ट तुमच्या हातात ठेवते. मग बघू जिन्यात कोण बोलतं ते.

लेकीची आई


१७ जानेवारी

विहीणबाई,

आज मात्र आधी नमस्कार. जिंकलेल्या माणसानं मोठं मन दाखवावं.

रिपोर्ट स्वच्छ आला. ह्यांना क्षय नाही. थुंकीत काही सापडलं नाही, छातीचा फोटोही काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं खराब आहेत, पण ती भुशानं आणि धुरानं. सिगारेट सोडा, तोंडावर फडकं बांधून रंधा मारा. मी म्हटलं, हे तर मी लग्न झाल्यापासून सांगतेय आणि तेही फुकट.

तुम्हाला वाटेल सहज झालं. अहो, ह्यांना तिथवर नेणं म्हणजे कपाट जिन्यावरून उतरवण्यासारखं. “लोक बघतील,” म्हणत होते. मी म्हटलं, लोकांनी जिन्यात ऐकलंय, आता बघितलं तर बिघडलं कुठं! केंद्राबाहेर व्हरांड्यात बाकडी आहेत. खोकणाऱ्यांना मुद्दाम बाहेर वाऱ्यावर बसवतात. तिथली सिस्टर उंचनिंच, आवाज मास्तरणीचा. तिनं ह्यांना झाकणाची डबी दिली आणि मागच्या अंगणात जाऊन खोका म्हणाली. हे थुंकी घालून परत आले. तिनं डबी उजेडात धरली. “काका, ही लाळ आहे. मला छातीतला बेडका हवाय. खोल श्वास घ्या, आतून खोका.” जन्मभर फुकट खोकणाऱ्या माणसाला नेमका तेव्हा खोकला येईना! अंगणात येरझाऱ्या घातल्या, उड्या मारल्या, तेव्हा कुठं आला. दुसरी डबी घरी दिली, सकाळी उठल्याउठल्या भरून आणायला.

तर असं आहे. लेकीला सांगा, बाबा ठणठणीत आहेत. आणि तुम्ही जिन्यात जे बोललात ते जिन्यातच येऊन मागं घ्या. शेजारीण दार उघडंच ठेवील.

सिस्टरनं जाता जाता माझीही डबी घेतली. व्हरांड्यात बसल्या बसल्या मी एकदोनदा तोंडावर हात धरून खोकले, तेवढ्यावरून. तिला डब्या भरून घ्यायची हौसच दिसते.

बाळाला माझे पापे.

तुमची विहीण


२० जानेवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात जरा जास्तच बोलले. मनावर घेऊ नका. तुम्हीही आजी, मीही आजी.

एक विचारायचं होतं. बाळाचं वजन केलंत का? तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं. जन्मला तेव्हा खरंच भोपळ्यासारखा होता, पण मागच्या महिन्यापासून भरत नव्हता. मी म्हणायचे, बाळं लांब होताना बारीक होतात. तुमच्या भागात आरोग्य केंद्र असेलच. सहज म्हणून घेऊन जा. अंगात कसर असते का, ताप येतो का, दूध नीट ओढतो का, तेही बघा. आणि डॉक्टरांना दाखवताना माझ्याकडे होता, हेही सांगा.

काही विशेष नाही. थंडी आहे, म्हणून आपलं.

उलट टपाली दोन ओळी लिहा. लेकीनं लिहिल्या तरी चालतील.

तुमची विहीण


२९ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं उत्तर नाही. म्हणून आता सगळं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

क्षय ह्यांना नाही. मला आहे.

मागचं पत्र टाकलं त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. ह्यांचं औषध आणायला गेले, तर सिस्टरनं मला बाजूला बोलावलं. “मावशी, तुमची डबी भरलेली निघाली.” मला वाटलं डबी परत हवीय. मी म्हटलं, “धुऊन आणू का?” ती हसली नाही. मला खुर्चीवर बसवून तिनं सांगितलं, तुमच्या बेडक्यात टीबीचे जंतू आहेत, आणि थोडेथोडके नाहीत.

मी म्हटलं, “अहो, घरात खोकतात ते हे. मी नाही.” ती म्हणाली, “मावशी, किती मोठ्यानं खोकता ह्यावर काही नसतं. किती दिवस खोकता, ते सांगा.”

तेव्हा मी आठवायला बसले. पावसाळा संपता संपता सर्दी झाली होती, ती गेली आणि मागं खोकला राहिला. बारीकसा. ह्यांच्या गडगडाटात माझा कुणाला ऐकू येणार! आणि मी काही कुणाच्या तोंडावर खोकणारी नाही. हात धरून, मान फिरवून, गिळून टाकायचा. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, ते चुलीपुढच्या उबेचं वाटायचं. पहाटे पाठ घामानं भिजायची, ते वयाचं वाटायचं. पोलकी सैल झाली तेव्हा तर बरंच वाटलं, बाळंतिणीच्या मागं धावून अंग उतरलं म्हणून.

आता जे लिहायचं आहे ते लिहवत नाही, पण लिहिते.

तुम्हाला माहीत आहे, मी घरी बसून शर्टांना काज-बटणं करते. खिडकीखाली माझी बैठक. बाळ झाल्यावर लेक दिवसा झोपायची, रात्री बाळ तिला जागवायचं ना. दिवसा बाळ माझ्याजवळ. एका मांडीवर शर्ट, दुसऱ्या मांडीवर तो. त्याला वारं लागू नये म्हणून खिडकी लावून घेतलेली, फटीत चिंध्या कोंबलेल्या. मी काज करता करता गुणगुणायचे आणि तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. खोकला आला की मी मान फिरवायचे. मला वाटायचं, मान फिरवली की झालं.

सिस्टरनं सांगितलं, हे जंतू हवेतून जातात. ताटवाटीनं नाही, कपड्यानं नाही, हात लावल्यानं नाही. माणूस खोकतो, बोलतो, गातो, तेव्हा ते हवेत उडतात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. खिडकी उघडी असली की वारा त्यांना घेऊन जातो. माझी खिडकी बंद होती, विहीणबाई. मीच चिंध्या कोंबल्या होत्या.

मी विचारलं, बाळाला टोचलंय ना, जन्मल्यावर? ती म्हणाली, बरं झालं टोचलंय, पण त्यावर विसंबून राहायचं नाही. तान्ह्या बाळांत हा आजार मोठ्या माणसांसारखा छातीत बसून राहत नाही, डोक्यात चढतो, आणि लवकर चढतो. बाळाला तपासायचं. आजार नसला तरी होऊ नये म्हणून औषध देतात, ते सुरू करायचं. आजार असला तर पुरं औषध द्यायचं. सगळं केंद्रात मिळतं. फक्त वेळ घालवायचा नाही.

आणि मी काय केलं? घरी येऊन तुम्हाला “सहज वजन करा” असं लिहिलं. तुम्ही जिन्यात जे बोललात ते माझ्याच बाबतीत खरं निघालं, हे तुम्हाला लिहायची लाज वाटली. दुसरं खोटं कारण देत नाही.

मी औषध घेते आहे. गोळ्या मोठ्या आहेत. लघवी केशरी होते. पहिल्या दिवशी मी किंचाळलेच, हे रंधा टाकून धावत आले. सिस्टरनं आधी सांगितलं होतं, माझ्याच ध्यानात राहिलं नव्हतं. सहा महिने घ्यायच्या, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. बरी होते म्हणे. माझं सोडा.

हे लेकीला न लिहिता तुम्हाला लिहिते, कारण घर तुमचं आहे. तिनं तुम्हाला सांगितलं तर राग तिच्यावर निघेल. राग माझ्यावर काढा, हवं तर येऊन काढा. तिचं ह्यात काही नाही. तिलाही तपासायचं आहे, ती माझ्याच खोलीत होती.

पण आधी बाळ. हे पत्र वाचून झालं की काउंटर बंद करा आणि त्याला घेऊन जा. मी पाया पडते.

तुमची विहीण


१० फेब्रुवारी

विहीणबाई,

ही चिठ्ठी ह्यांच्या हाती देते आहे. ह्यांना क्षय नाही, हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा आत घ्या.

मी येणार होते. डॉक्टरीणबाईंनी बंद गाडीतून इतक्यात प्रवास करू नका म्हणून सांगितलं, आणि जिना उतरले तर पाय लटपटतात. माझ्या पत्राचं काय झालं कळत नाही. फोन लावला की वाजत राहतो. दोन आठवडे मी रोज टपालवाल्याची वाट बघतेय आणि रोज म्हणतेय, दवाखान्याच्या धावपळीत असतील, म्हणून लिहीत नाहीत. हे म्हणाले, वाट काय बघतेस, मी जातो. त्यांना आहे तेवढी अक्कल मला असायला हवी होती.

बाळाला दाखवलं असलं तर फक्त “हो” म्हणा, हे लगेच परत फिरतील. दाखवलं नसलं तर ह्यांच्याबरोबर आत्ताच्या आत्ता निघा.


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

हॉस्पिटलमधून काल घरी आले. तुम्ही मला बसवर सोडायला आलात, खिडकीजवळची जागा धरून दिलीत आणि काच खाली केलीत. कुणी बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, किती गूळपीठ आहे दोघींत.

तुमच्यापुढं बोलता येत नव्हतं ते लिहिते.

हे त्या दिवशी तुमच्या लाँड्रीसमोर पोचले तेव्हा शटर खाली होतं. शेजारच्यानं सांगितलं, पहाटे बाळाला झटके आले, सगळी हॉस्पिटलात आहेत. हे तसेच तिकडं धावले. बाळाच्या पाठीत सुई घालून पाणी काढत होते आणि माझी लेक बाहेर भिंतीला कपाळ लावून उभी होती. ती ह्यांना म्हणाली, “बाबा, चार दिवस नुसता झोपतोय. उलट्या करतोय. सासूबाई म्हणाल्या, दात येतायत.” डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला टीबी आहे का? ती “नाही” म्हणाली. तुम्हीही तिथंच होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. ह्यांनी सांगितलं तेव्हा डॉक्टरांना कळलं, आणि माझ्या लेकीलाही तेव्हाच कळलं.

म्हणजे माझं पत्र तुम्हाला मिळालं होतं. हे ह्यांच्या ध्यानात आलं नाही, ते साधे आहेत. माझ्या आलं. औषधाचे पुरेसे दिवस झाल्यावर मी तोंडाला फडकं बांधून आले, तेव्हा तुमच्याशी भांडायलाच आले होते. वाटेत शब्द जुळवले होते. असे शब्द, की तुम्ही जन्मात विसरला नसतात.

आणि तुम्ही हॉस्पिटलातल्या बाकावर, मी तोंड उघडायच्या आत, स्वतःहून बोललात.

“पत्र आलं त्याच दिवशी वाचलं मी,” तुम्ही म्हणालात. “वाचलं आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं.”

मी म्हटलं, “का?”

“आमचे मालक ह्याच आजारानं गेले. सगळ्यांना कावीळ सांगितली आम्ही. दोन वर्षं शेजारच्या खाटेवर तो खोकला ऐकला मी. औषध अर्ध्यात सोडलं त्यांनी, बरं वाटतंय म्हणून. मग कुणीतरी बोललं, आणि एका आठवड्यात दुकानात एक कपडा येईना. गिऱ्हाइकं आली ती फक्त दिलेले कपडे न धुता परत मागायला. मुलाला घेऊन गाव सोडलं, इथं परत पहिल्यापासून उभं केलं. पोराला अजून माहीत नाही, बाप कशानं गेला ते. तुमच्या घरी तो खोकला ऐकला आणि माझं डोकं फिरलं. आणि मग पत्रात बाळाचं लिहिलेलं वाचलं, तेव्हा मला वाटलं, नाही. होणार नाही. दोनचार दिवस बघू. हसतोय ना. दूध पितोय ना.”

मग तुम्ही म्हणालात, “रोज सकाळी वाटायचं आज नेते. शटर उघडायचे आणि पहिलं गिऱ्हाईक यायचं.”

मी जुळवून आणलेले शब्द कुठं गेले कळलं नाही. मी एवढंच म्हटलं, “कपड्यानं पसरत नाही हो तो. कुणाच्याच कपड्यानं पसरत नाही.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. दुकान उठलं, गाव सुटलं, आणि हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग तुम्ही रडलात. मीही रडले. फडक्याखाली नाक वाहत होतं आणि ते काढायची सोय नव्हती.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. पण किती वाचेल, ते आत्ताच सांगता येणार नाही. माझ्या आधी हे वाक्य दुसऱ्या कुणी ऐकलं असेल तर त्याला विचारायचंय, जीव किती वाचतो म्हणजे काय?

काचेतून बघितलं मी त्याला. नाकात नळी होती. मी नेहमीचं गाणं म्हटलं, बाहेरून. त्यानं मान वळवली नाही. काचेमुळे असेल.

तुमची विहीण


१८ एप्रिल

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी मिळाली. ह्या सगळ्यात तुम्ही लिहिलेली पहिलीच. एकच पान, पण पुन्हा पुन्हा वाचलं.

बाळ घरी आलं, हे बरं झालं. डावा हात उघडत नाही, आणि भांडं पडलं तरी दचकत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते हॉस्पिटलातच दिसत होतं, पण लिहिलेलं वाचणं वेगळं. त्याचं औषध वर्षभर चालायचं आहे. ते कुणावर सोपवू नका. सकाळी तुमच्या हातानं द्या, तो थुंकला तर सिस्टरला विचारून परत द्या. अर्ध्यात सोडलेल्या औषधाचं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे, म्हणून तुम्हालाच सांगते. हाताची मालीश आणि ते व्यायाम शिकवलेत, तेही करा. कंटाळा आला तरी करा.

तुमची, मुलाची आणि लेकीची तपासणी झाली, लेकीला आजार होऊ नये म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि तुम्ही दोघं स्वच्छ निघालात, हे मी ह्यांना हाक मारून वाचून दाखवलं. तुम्ही मुलाला त्याच्या बापाचं खरं सांगितलंत, तेही बरं केलंत. तो काय म्हणाला, ते लिहिलं नाहीत. नका लिहू.

आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर.

तुम्ही लिहिलंय, “तिला खरं सांगून टाकू का? झोप लागत नाही.” नका सांगू.

ती मागच्या आठवड्यात एकटीच इथं आली होती. तुम्हाला केंद्रात जाते म्हणून सांगून आली असेल. आत आली नाही. दारातच उभी राहिली. म्हणाली, “आई, तुला कळलं कधी आणि तू कळवलंस कधी? मला तारखा सांग.”

मी म्हटलं, “कळलं जानेवारीत. पत्र लिहून ठेवलं होतं. टाकायचा धीर झाला नाही. सुयादोऱ्याच्या डब्यात पडून होतं. शेवटी बाबांना पाठवलं.”

ती म्हणाली, “म्हणजे सासूबाईंना माहीतच नव्हतं.”

मी म्हटलं, “कुठून असणार?”

मला वाटलं, ओरडेल. लहानपणी राग आला की भिंतीवर डोकं आपटायची ती. पण नुसती म्हणाली, “तुला लाज वाटली म्हणून.” आणि गेली. हे मागून जिना उतरेपर्यंत ती कोपऱ्यावर वळलीसुद्धा होती.

हे माझ्यावर चिडलेत. म्हणाले, खोटं का बोललीस? मी त्यांना म्हटलं, पूर्ण खोटं कुठं आहे? कळल्यावरचं पहिलं पत्र मी गोल गोल लिहिलं, ते दिवस माझे. दुसरं विहीणबाईंनी गठ्ठ्याखाली ठेवलं, ते दिवस त्यांचे. त्यानंतर गप्प बसून मी वाट बघितली, ते परत माझे. त्यातले कुठले दिवस बाळाचा हात घेऊन गेले, हे डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाहीत. मग सगळेच मी घेतले तर काय बिघडलं?

विहीणबाई, तिला त्या घरात राहायचंय. तिच्या नवऱ्याचं दुकान तिथं आहे, बाळाचा दवाखाना तिथं आहे, आणि त्या बाळाला आता एका माणसाचं बळ पुरणार नाही, दोन बायका लागतील. ती माझ्यावर रागावली तर इकडं यायची नाही, एवढंच. तुमच्यावर रागावली तर रोज जेवताना तुमचं तोंड बघावं लागेल तिला. तसं मला नको. तुम्हाला झोप लागत नसेल, तर ती तुम्ही सोसा. मीही सोसते.

हे तुमच्यावरचे उपकार नाहीत. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग आहे. कधी कधी काज करताना सुई बोटात जाते, इतका येतो. पण तो माझा मी बघून घेईन.

माझ्या गोळ्या चालू आहेत. मागच्या वेळी डबी रिकामी निघाली. सिस्टर म्हणाली, “मावशी, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही.” वजनही वाढलंय. खिडकी दिवसभर उघडी असते.

लेक पत्राला उत्तर देत नाही. फोन तिनं उचलला तर आवाज ऐकून ठेवून देते. हे जाऊन आले, त्यांच्याशी बोलली, माझं नाव काढलं नाही. तेव्हा बाळाचं मला आता तुमच्याशिवाय कुणी कळवणार नाही. दर आठवड्याला लिहा. हात थोडा जरी उघडला तरी लिहा. नाही उघडला तरी लिहा.

तुमची विहीण